खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी ड्राय रॉक तयार करताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत गाळणीचे निम्म्याहून अधिक काम दगड करतो. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच्या बारीक छिद्रांमध्ये वस्ती करतात, आणि दगडाच्या आतल्या, प्राणवायू फारसा न पोचणाऱ्या भागात नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जिवाणू जम बसवतात. टाकीचे पहिले वर्ष कसे जाणार, हे त्यामुळे दगड पाण्यात उतरण्यापूर्वीच बरेचसे ठरलेले असते. तरीही नव्याने या छंदाकडे वळणारी मंडळी दिवे, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे यंत्र) आणि पंप यांच्या निवडीत महिने घालवतात, दगड मात्र दुकानातून आणून नळाखाली धुतात आणि त्याच संध्याकाळी टाकीत रचतात. पुढे हिरव्या शेवाळाच्या झिपऱ्या लोंबू लागल्या की दोष दिव्यांच्या माथी जातो. दगड दिसायला पांढराशुभ्र असला तरी त्याच्या आत फॉस्फेट आणि वाळलेले सेंद्रिय अवशेष दडलेले असू शकतात. ते आहेत की नाहीत, हे मोजूनच कळते.

भारतात राहणाऱ्यांना ड्राय रॉक, म्हणजे जिवंत जीव नसलेला कोरडा सच्छिद्र दगड, वापरण्यावाचून तसाही मार्ग नाही. समुद्रातून जिवंत स्थितीत काढलेला दगड, म्हणजे लाइव्ह रॉक, हा प्रवाळांच्या सांगाड्यांचाच बनलेला असतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत किंवा कच्छच्या आखातात ओहोटीला उघडा पडलेला प्रवाळाचा तुकडा मेलेला असला, तरी तो उचलणे याच कायद्याच्या कक्षेत येते. ‘किनाऱ्यावर पडलेलाच होता’ हा बचाव होऊ शकत नाही. विक्रेता ‘आतला माल’ म्हणून लाइव्ह रॉक दाखवू लागला, तर त्या दुकानातून दगडच काय, मासेही घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात मिळणारा ड्राय रॉक मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला जमिनीवरच्या खाणींतून काढलेला, हजारो वर्षांपूर्वी समुद्राखाली असलेल्या प्रवाळभित्तींचा दगड. अमेरिकेतील फ्लॉरिडामध्ये असा दगड मोठ्या प्रमाणावर निघतो. त्यात ताजे सेंद्रिय अवशेष जवळजवळ नसतात, भुकटी मात्र भरपूर असते. दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या जुन्या टाकीतून काढून वाळवलेला दगड. हा स्वस्त मिळतो आणि सर्वांत जास्त मेहनत मागतो, कारण त्याच्या पोटात मेलेले स्पंज, कृमी, शेवाळ आणि वर्षानुवर्षे शोषलेले फॉस्फेट असते. तिसरा सिमेंट किंवा सिरॅमिकपासून घडवलेला कृत्रिम दगड. यात अवशेषांचा प्रश्न नसतो, परंतु सिमेंटच्या दगडातून सुरुवातीला चुना पाझरतो आणि पाण्याचा पीएच फार वर जातो. म्हणून तो साध्या पाण्यात कित्येक आठवडे भिजवून, पाणी बदलत राहून, पीएच स्थिर झाल्यावरच वापरावा.

कोकणातला जांभा पाहून अनेकांना मोह होतो, कारण तो सच्छिद्र असतो, फुकट मिळतो आणि रंगही सुरेख असतो. परंतु जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा दगड. त्याची माती झडत राहते आणि समुद्री टाकीला हव्या असलेल्या कॅल्शियम कार्बोनेटशी त्याचा संबंध नाही. सह्याद्रीचा काळा दगड पाण्यात फारसे काही सोडत नाही, पण तो इतका घट्ट असतो की जिवाणूंना आत शिरायला जागाच मिळत नाही. दगड कार्बोनेटचा आहे की नाही, हे पाहण्यासाठी कोरड्या पृष्ठभागावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले तर तो कार्बोनेटचा आहे. संगमरवरावरही बुडबुडे येतात, हे लक्षात ठेवावे. म्हणून हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटणारा, छिद्रे आतपर्यंत गेलेला दगडच निवडावा. साधारण सच्छिद्र दगड लिटरमागे 120 ग्रॅम धरण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे 100 लिटरच्या टाकीला 12 किलो. फार हलका दगड असेल तर 8 किलोही पुरतो, आणि माशांना पोहायला जागा उरते.

पहिले काम यांत्रिक स्वच्छतेचे. जुन्या टाकीतला दगड असेल तर वाळलेली शेवाळे, नळकृमींच्या नळ्या आणि स्पंजाचे तुकडे स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढावेत आणि मग नायलॉनच्या ब्रशने घासावे. तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याचे तुटलेले दात छिद्रांत अडकतात आणि पुढे टाकीत गंजतात. नंतर प्रत्येक दगडावरून एक चांगले लोहचुंबक फिरवावे. जुन्या दगडांत खिळ्यांचे आणि स्क्रूंचे तुकडे निघणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. बागेच्या पाइपने सर्व बाजूंनी जोराचा फवारा मारून धुताना दगड उलटा-सुलटा करावा. खालून निघणारे पाणी आधी दुधासारखे पांढरे येते, ते नितळ होईपर्यंत थांबू नये.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. दगड उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करण्याचा सल्ला अजूनही फिरत असतो, आणि तो धोकादायक आहे. जुन्या दगडावर झोअँथिड जातीचे, प्रवाळांसारखे मऊ जीव चिकटून राहिलेले असू शकतात. त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते आणि ते उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही. वाफेबरोबर ते हवेत पसरले तर श्वासावाटे घरातल्या सर्वांच्या शरीरात जाते. अलास्कामध्ये 2012 ते 2014 या काळात मत्स्यालयाच्या दुकानांत आणि घरांत अशा प्रकारे माणसे आजारी पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून दगड उकळू नये, त्यावर गरम पाण्याचा प्रेशर वॉशरही चालवू नये, आणि जुना दगड खरवडताना तो ओला ठेवून हातमोजे व चष्मा घालूनच खरवडावा. खाणीतल्या किंवा कृत्रिम दगडाच्या बाबतीत हा धोका नसतो.

सेंद्रिय अवशेष असलेल्या दगडासाठी पुढची पायरी ब्लीचची. आपल्याकडे विहिरीत टाकायला वापरतात ती टीसीएल पावडर घेऊ नये. तिच्यात न विरघळणारा चुनखडीचा साका बराच असतो आणि तो छिद्रांत जाऊन बसतो. सुगंध किंवा साबण नसलेले द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घ्यावे. 4 ते 5 टक्के तीव्रतेचे असेल तर एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी घ्यावे आणि प्लॅस्टिकच्या पिंपात दगड पूर्ण बुडवून एक लहान पंप चालू ठेवावा. पंप महत्त्वाचा, कारण स्थिर पाण्यात ब्लीच आतपर्यंत पोचत नाही. पिंप गॅलरीत किंवा गच्चीवर, मुले आणि पाळीव प्राणी पोचणार नाहीत अशा जागी ठेवावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास उडून गेला असेल, तर ब्लीच आतले अवशेष जाळण्यात संपले असे समजावे आणि नवे ब्लीच घालावे. वास तीन-चार दिवस तसाच टिकू लागला की दगडात जाळण्यासारखे फारसे उरलेले नसते. खाणीतल्या स्वच्छ दगडाला ही पायरी अनावश्यक आहे, आणि केवळ समाधानासाठी ती करण्यात अर्थ नाही.

ब्लीचचे पाणी काढून टाकल्यावर दगड दोनदा धुवावा आणि पुन्हा साध्या पाण्यात बुडवून त्यात सोडियम थायोसल्फेट घालावे. छायाचित्रे धुण्यासाठी पूर्वी वापरत तोच हा ‘हायपो’, आणि मत्स्यालयाच्या दुकानात तो ‘अँटिक्लोर’ या नावाने मिळतो. धुतलेल्या दगडाच्या 100 लिटर पाण्याला 5 ग्रॅम स्फटिक सहसा पुरतात. क्लोरीन उरले आहे का, हे पाहायला ग्रामपंचायतीचे कर्मचारी नळाच्या पाण्यासाठी वापरतात ती ओटी चाचणी सोयीची आहे: परीक्षानळीतल्या पाण्यात ओटी द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकल्यावर पिवळी झाक आली, तर क्लोरीन आहे. पाणी रंगहीन राहीपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर दगड कडक उन्हात पसरून वाळवावा. पावसाळ्यात हे काम काढूच नये हे बरे. दमट हवेत जाड दगड आतून वाळत नाही आणि आत राहिलेला ओलावा काही दिवसांतच कुबट वास मारू लागतो.

आता खरी परीक्षा, फॉस्फेटची. कॅल्शियम कार्बोनेटचा पृष्ठभाग पाण्यातले फॉस्फेट स्वतःकडे ओढून धरतो आणि पाण्यात ते कमी झाले की थोडे थोडे परत सोडतो. टाकीतले पाणी बदलले की चार दिवसांत फॉस्फेट पुन्हा पूर्वीच्याच आकड्यावर येते, ते यामुळेच. ब्लीचने हे फॉस्फेट जात नाही. उलट सेंद्रिय पदार्थ जळल्यावर त्यांतले फॉस्फेट मोकळे होऊन दगडालाच चिकटू शकते. म्हणून वाळलेला दगड, 10 किलोला 40 लिटर या प्रमाणात, आरओ-डीआय (आरओ यंत्रातून आणि मग क्षार काढणाऱ्या रेझिनमधून गाळलेल्या) पाण्यात पंप लावून एक आठवडा ठेवावा आणि कमी पातळीचे फॉस्फेट मोजणाऱ्या डिजिटल चेकरने पाणी तपासावे. रंगपट्टीच्या स्वस्त किटवर येथे विसंबू नये, कारण आपल्याला हवा असलेला फरक त्यांच्या दोन रंगछटांच्या मधेच हरवतो. आकडा 0.1 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) आत असेल तर ॲसिडच्या वाटेला जाऊ नये. 0.1 ते 0.5 च्या दरम्यान असेल तर पाणी बदलत राहणे आणि फॉस्फेट शोषणारे माध्यम वापरणे पुरते. त्याहून बराच वर असेल तर मात्र दगडाचा वरचा थरच काढून टाकणे सोपे पडते, आणि ते काम ॲसिड करते.

ॲसिड म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधारण 30 टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक ॲसिड. शौचालय साफ करण्याची रंगीत, दाट द्रावणे चालत नाहीत, कारण त्यांत रंग आणि फेस आणणारी रसायने असतात. काम उघड्या जागीच करावे: गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून. जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि जुने, अंगभर कपडे हवेत. आधी प्लॅस्टिकच्या टबात 10 लिटर पाणी घ्यावे आणि मग त्यात 1 लिटर ॲसिड सावकाश ओतावे. याच्या उलट, म्हणजे ॲसिडमध्ये पाणी, कधीही ओतू नये. ज्या टबात ब्लीच होते तो टब अनेकदा धुऊन, पूर्ण वाळवूनच वापरावा, कारण ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. शक्य असल्यास या कामासाठी वेगळाच टब ठेवावा. टबाची किंमत त्या धोक्यापुढे काहीच नाही.

दगड एकेक करून टबात सोडावा. लगेच पृष्ठभाग फसफसू लागतो, करड्या फेसाचा थर वर येतो, आणि दगडाच्या बोटभर भोकांतून बुडबुड्यांच्या माळा सुटतात. एक लिटर ॲसिड अखेरपर्यंत वापरले गेले तर ते जवळजवळ अर्धा किलो दगड विरघळवते आणि त्यातून शंभर लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद न्हाणीघरात तो जमिनीलगत साचतो. ‘बाथरूममध्ये पटकन उरकून टाकू’ हा विचार म्हणूनच मनातून काढून टाकावा. पंधरा-वीस मिनिटांत फसफस मंदावते. दगड चिमट्याने बाहेर काढून दुसऱ्या टबात, खायचा सोडा घातलेल्या पाण्यात, काही तास ठेवावा. आतल्या छिद्रांत राहिलेले ॲसिड सोडा निष्प्रभ करतो. मूळ टबातल्या द्रावणातही फसफस पूर्ण थांबेपर्यंत सोडा घालावा आणि मगच ते भरपूर पाण्याबरोबर गटारात सोडावे. सिमेंटचा किंवा रंग दिलेला कृत्रिम दगड ॲसिडमध्ये घालू नये. तो झडतो आणि रंगही जातो. नाजूक फांद्यांचे तुकडेही शक्यतो टाळावेत. एवढे करून आठवडाभराची फॉस्फेट चाचणी पुन्हा घ्यावी. आकडा खाली आला नसेल तर ॲसिडचा दुसरा हात देण्यापेक्षा तो दगड बदलावा, असे मी सुचवीन.

दगड कोरडा असतानाच त्याची रचना करून घेणे ही ड्राय रॉकची सर्वांत मोठी सोय आहे. जिवंत दगड रचताना तो वाळू नये म्हणून घाई करावी लागते. येथे एका पुठ्ठ्यावर टाकीच्या तळाचे माप आखून आठवडाभर मांडामांड करता येते. आखताना चारही बाजूंनी 7 ते 8 सेंटिमीटर जागा सोडावी, म्हणजे काच पुसायचे चुंबक फिरते आणि मागे पाणी साचत नाही. टाकीच्या वरच्या काठावर आडव्या पट्ट्या असतील तर रचना त्यांमधून आत जाईल का, हेही आधी मोजावे. हा तपशील बऱ्याच जणांच्या लक्षात शेवटी येतो. जोडण्यासाठी फेव्हिक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद आणि दगडाचीच कोरडी भुकटी यांचा मेळ उत्तम जमतो: दोन दगड एकमेकांवर टेकवून सांध्यात भुकटी भरावी आणि वरून गोंद सोडावा, तो क्षणात घट्ट होतो. त्या वेळी उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, म्हणून चेहरा वर वाकवू नये. मोठ्या कमानीसाठी मात्र दगडाला भोक पाडून ॲक्रिलिकची कांडी घालावी. नुसत्या गोंदावर दोन किलोचा दगड लटकवू नये. रचना टाकीत ठेवताना ती थेट तळाच्या काचेवर किंवा पातळ प्लॅस्टिकच्या जाळीवर टेकवावी आणि वाळू नंतर घालावी. वाळूवर दगड ठेवला तर बिळे खणणारे गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी त्याखालची वाळू उकरतात आणि एका रात्रीत सगळे कोसळते.

रचना तयार झाली की ती पिंपात किंवा थेट टाकीत मुरवायला ठेवावी. पाणी आरओ-डीआयचेच हवे. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी पुरेसे शुद्ध नसते, त्यात मुद्दाम काही क्षार राखलेले असतात. त्यामुळे पुढे डीआय रेझिनचा टप्पा जोडून टीडीएस शून्यावर आणावा. लिटरला 35 ते 38 ग्रॅम समुद्री मीठ घालून क्षारता 35 पीपीटी, म्हणजे सापेक्ष घनता 1.025 ते 1.026, करावी. तापमान 25 ते 28 अंश, जोराचा प्रवाह आणि अंधार, एवढे असले की काम सुरू होते. अंधार अशासाठी की जिवाणूंना प्रकाशाची गरज नाही, शेवाळाला आहे. मुंबईसारख्या ठिकाणी वर्षाचे बहुतेक महिने हीटर लागत नाही. उन्हाळ्यात बंद गॅलरीत पाणी 34-35 अंशांवर जाते, त्याचीच काळजी जास्त करावी लागते.

जिवाणूंना सुरुवातीला अमोनिया द्यावा लागतो. त्यासाठी कोळंबीचा तुकडा कुजत ठेवण्याची जुनी पद्धत आहे, पण एवढे कष्ट घेऊन फॉस्फेट काढल्यावर ते पुन्हा कशाला घालायचे? त्याऐवजी अमोनियम क्लोराइड वापरावे. कल्हईवाल्याचा नवसागर तोच, परंतु बाजारातल्या नवसागराच्या शुद्धतेचा भरवसा नसल्याने प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. 100 लिटर पाण्यात सुमारे 0.63 ग्रॅम घातल्यास अमोनिया 2 पीपीएम होतो. स्वयंपाकघरातल्या चमच्याने हे मोजता येत नाही; 6.3 ग्रॅम पावडर एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवावी आणि त्यातले 100 मिलिलिटर वापरावे. बाटलीबंद जिवाणू घातल्यास वेळ वाचतो, न घातल्यास तीन ते सहा आठवडे लागू शकतात. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, मग नायट्राइट उतरून नायट्रेट दिसू लागते. या काळात दर दोन-तीन दिवसांनी मोजणी करावी आणि अमोनिया शून्यावर आला की पुन्हा 2 पीपीएम घालावा. घातलेला अमोनिया 24 तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसले की दगड माशांसाठी तयार आहे. लोडशेडिंगच्या भागात पंपाला बॅटरीचा आधार द्यावा, कारण हे जिवाणू प्राणवायूवर जगतात आणि पाणी तासन्‌तास स्थिर राहिले तर वस्ती मागे पडते.

याच काळात दर आठवड्याला फॉस्फेटही तपासत राहावे. वाढताना दिसले तर फेरिक ऑक्साइडचे दाणे जाळीत घालून प्रवाहात ठेवावेत. लँथॅनम क्लोराइड अधिक वेगाने काम करते, आणि टाकीत मासे नसतानाच ते वापरण्याची योग्य वेळ असते: थेंबाथेंबाने, बारीक मायक्रॉनच्या गाळण-पिशवीच्या तोंडाशी सोडावे, म्हणजे तयार होणारा पांढरा साका पिशवीत अडकतो. आकडा खाली आल्यावर हे उपाय थांबवून एक आठवडा काहीही न करता वाट पाहावी आणि पुन्हा मोजावे. उपाय चालू असताना आलेला कमी आकडा फक्त उपायाबद्दल सांगतो, दगडाबद्दल नाही. आठवडाभर 0.1 च्या आत टिकला तरच दगड आतून रिता झाला असे धरावे. तो अगदी शून्यावर आणण्याचा अट्टहासही नको. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्य असलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट तवंग माजतो, आणि तो हिरव्या शेवाळापेक्षा चिवट असतो.

नायट्रेट जास्त असेल तर मोठा पाणीबदल करून मग पहिले दोन लहान मासे सोडावेत. काही आठवड्यांत दगडावर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर येईल. तो गोगलगायींचे खाद्य आहे आणि बहुधा आपोआप ओसरतो; तो पाहून पुन्हा ब्लीचची बाटली शोधू नये. ड्राय रॉकबरोबर एप्टॅशिया हे उपद्रवी समुद्रफूल, अग्निकृमी किंवा मँटिस कोळंबी घरात येत नाहीत हा मोठा फायदा आहे, पण जांभळे कोरलाइन शेवाळ आणि बारीक उपयोगी जीवही येत नाहीत. ते जुन्या, निरोगी टाकीतून आणलेल्या गोगलगायींच्या शंखांवरून हळूहळू पसरतात. उरलेले दगड फेकू नयेत. पण तेही याच वेळी धुऊन, तपासून, वाळवून कापडी पिशवीत ठेवावेत. सहा महिन्यांनी रचनेत एखादा तुकडा वाढवावासा वाटला आणि तो न तपासता टाकीत गेला, तर फॉस्फेटचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.